एकाला थांबता येत नाही, एकाला घाई जमत नाही

कॅव्हिअर, म्हणजे एका माशाची महागडी अंडी, मी आयुष्यात एकदाच खाल्लं आहे. अर्धा चमचा, तोही दुसऱ्याच्या खर्चाने. काळसर करडे दाणे जिभेवर घेतले, टाळूवर दाबले, ते फुटले, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की खारट आहे. दुसरा विचार, आता चेहऱ्यावर काहीतरी उमटायला हवं, कारण देणारा माझ्या तोंडाकडेच बघत होता. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की खाऊ घालणाऱ्याचं समाधान होतं.

ब्लूफिन ट्यूनाच्या पोटाकडचा तुकडा त्यानंतर काही वर्षांनी वाट्याला आला. तोही एकच. फिकट गुलाबी मांस आणि त्यात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेघा. तो चावावा लागलाच नाही. तोंडातल्या उबेनेच विरघळायला लागला, आणि घास संपल्यावरही त्याचा गोडसर स्निग्धपणा रेंगाळत राहिला. या वेळी डोळे आपसूक मिटले.

साहजिकच मी बरीच वर्षं ट्यूनाच्या पक्षात होतो. विषय निघाला की (फारसा निघत नाही) ठासून सांगायचो, ट्यूना म्हणजे चव आणि कॅव्हिअर म्हणजे ढोंग. मग कुतूहलापोटी या दोन माशांबद्दल वाचायला लागलो. कॅव्हिअर ज्याच्या पोटातून येतं तो स्टर्जन, आणि ज्याचं पोटच खाल्लं जातं तो ब्लूफिन. जसजसं वाचत गेलो तसतसा चवीचा निकाल बाजूला पडत गेला. जगातल्या सगळ्यात महागड्या पंगतीत शेजारी शेजारी बसवलेले हे दोघं मुळात एकमेकांचे कोणीच लागत नाहीत.

ट्यूनापासून सुरुवात करतो, कारण त्याला थांबवून ठेवणं बरं नाही. बहुतेक मासे कल्ल्यांवरच्या झाकणांची उघडमीट करून पाणी आत ओढतात, त्यामुळे एका जागी स्थिर राहूनही त्यांचा श्वास चालतो. ट्यूनाकडे ती सोय उरलेली नाही. त्याने तोंड उघडं ठेवून पुढे जात राहायचं, पाणी आपोआप कल्ल्यांवरून वाहणार आणि त्यातून प्राणवायू मिळणार. पोहणं थांबलं की श्वास थांबला. शिवाय त्याचं शरीर पाण्यापेक्षा जड, त्यामुळे थांबला तर बुडायलाही लागणार. 'थांबला तो संपला' हे माणसं एकमेकांना उगाचच ऐकवत असतात. ट्यूनाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच जे पोहणं सुरू होतं ते मरेपर्यंत, दिवसरात्र.

सगळं शरीर त्याच एका कामासाठी घडलेलं. वेग घ्यायचा असेल तेव्हा पाठीवरचा आणि बाजूचे पर अंगातल्या खाचांमध्ये असे बसतात की वर काही उरतच नाही. शेपटी चंद्रकोरीसारखी, ताठ. डोळेसुद्धा अंगाच्या पृष्ठभागाला समतल, जणू कोणी रंधा मारून घेतला आहे. पण खरी करामत आत आहे. मासा म्हटला की थंड रक्ताचा, भोवतीच्या पाण्याइतकाच गार, असं आपण शाळेत शिकतो. ब्लूफिनने तो नियम पाळलेला नाही. स्नायू राबले की उष्णता निर्माण होते. इतर माशांत ती रक्ताबरोबर कल्ल्यांपर्यंत जाते आणि तिथे गार पाण्यात विरून जाते. ब्लूफिनच्या शरीरात स्नायूंकडून परतणाऱ्या गरम रक्ताच्या बारीक नळ्या आणि कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताच्या बारीक नळ्या यांची एकमेकांना खेटून दाट जाळी विणलेली असते. बाहेर जायला निघालेली ऊब वाटेतच आत येणाऱ्या रक्ताकडे सुपूर्द होते. त्यामुळे पाणी सात-आठ अंशांवर असलं तरी मोठ्या ब्लूफिनच्या स्नायूंचं तापमान २५ अंशांच्या आसपास राहू शकतं. गरम इंजिन घेऊन हा मासा बर्फगार उत्तरेत शिकारीला जातो आणि अंडी घालायला भूमध्य समुद्रात किंवा मेक्सिकोच्या आखातात परततो. अंगावर खूण लावून सोडलेल्या काही ब्लूफिननी दोन महिन्यांच्या आत अख्खा अटलांटिक ओलांडल्याच्या नोंदी आहेत. १९७९ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ गळाला लागलेला एक ब्लूफिन ६७९ किलोंचा भरला होता. एवढं धूड, आणि चपळ!

मी खाल्लेला तो तुकडा, जपानी लोक ज्याला 'ओतोरो' म्हणतात, तो म्हणजे या प्रवासाची शिदोरी होती. लांबच्या पल्ल्यासाठी पोटाशी बांधून घेतलेली. हे कळल्यावर त्याची चव मागाहून थोडी बदलली, हे मान्य करायला हवं.

स्टर्जनकडे वळलं की आधी घड्याळ काढून ठेवावं लागतं. या घराण्याची वंशावळ २० कोटी वर्षांच्या आसपास मागे जाते, म्हणजे डायनोसॉर माजले आणि गेले, हे सगळं यांच्या डोळ्यांदेखत झालं. अंगावर नेहमीसारखे खवले नाहीत; पाठीवर, दोन्ही कुशींवर आणि पोटाच्या दोन बाजूंना अशा हाडांच्या टोकदार तकटांच्या पाच रांगा आहेत. आतला सांगाडा मात्र बहुतांशी कूर्चेचा. शेपटीचा वरचा भाग लांब, खालचा आखूड. लांबट नाकाडाच्या खाली चार मिशा लोंबतात, त्यांनी नदीचा नाहीतर समुद्राचा तळ चाचपत हा मासा चालतो. चालतोच म्हणायला हवं. मिशांना काही खाण्याजोगं लागलं की खालच्या बाजूचं बिनदातांचं तोंड नळीसारखं बाहेर येतं आणि ते ओढून घेतं. थोडक्यात, एखाद्या म्हाताऱ्या सरदाराने चिलखत न उतरवताच चष्मा शोधावा, तसा एकूण थाट.

त्यातला बेलुगा सगळ्यात मोठा, वजन हजार किलोंच्या पुढे गेलेलं आहे, आणि तो तळ चाचपत न बसता दुसऱ्या माशांची शिकारही करतो. पण घाई त्यालाही नाही. मादी वयात यायला १५ वर्षं तरी लागतात, कधी २० लागतात. त्यानंतरही ती दर वर्षी अंडी घालत नाही. मध्ये काही वर्षं जाऊ देते. आयुष्य मात्र माणसाइतकं किंवा त्याहून लांब, शंभरीपर्यंत. कॅस्पियन आणि काळ्या समुद्रात वाढायचं आणि वीण जवळ आली की व्होल्गा, उरल, डॅन्यूब अशा नद्यांतून शेकडो किलोमीटर उलट पोहत वर जायचं, हा शिरस्ता. 'धीरापोटी फळं गोमटी' असं म्हणतात. इथे फळं खरोखरच पोटात असतात, आणि घात तिथेच होतो.

कारण कॅव्हिअर म्हणजे स्टर्जनची गाबोळी. खरं तर हा मराठी शब्द इतका नेमका आहे की तो वापरला की निम्मा डामडौल उतरतो. गाबोळी काढायची म्हणजे मादी मारायची, आणि तीही अंडी पिकून गळायला लागण्याआधी, कारण पूर्ण पिकलेली अंडी मऊ पडतात आणि चमच्यात त्यांचा लगदा होतो. पोटातून निघालेली गाबोळी चाळणीवर अलगद चोळून दाणे पडद्यातून सुटे करायचे, गार पाण्याने धुवायचे, निथळायचे, मीठ लावायचं आणि डब्यात भरायचं. एवढंच. ना फोडणी, ना विस्तव. सगळं कौशल्य मिठात आहे. कमी पडलं तर माल टिकत नाही, जास्त झालं तर समुद्राशिवाय कसलीच चव लागत नाही. उत्तम मालावर रशियन भाषेत 'मालोसोल' लिहिलेलं असतं, म्हणजे थोड्या मिठाचं. मीठ लावणारा दाणे बोटांत घेऊन त्यांचा कडकपणा, ओल, आकार बघतो आणि त्या माशापुरतं प्रमाण ठरवतो. १५-२० वर्षं मासा वाढणार आणि ही सगळी धावपळ काही मिनिटांत उरकणार. मला तेव्हा 'खारट' वाटलं होतं. कोणाचा तरी हात त्या दिवशी जड पडला असेल, किंवा माझीच जीभ उथळ असेल.

चमच्याची गोष्टही सांगून टाकतो. कॅव्हिअर धातूच्या चमच्याने खायचं नाही, शिंपल्याच्या चमच्याने खायचं, धातूने चव बिघडते, असा दंडक आहे. चांदीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. चांदी खाण्यातल्या गंधकाशी चटकन जमवून घेते आणि काळी पडते. पण हा दंडक पाळणारी मंडळी जे कॅव्हिअर शिंपल्याने उचलतात ते महिनोन् महिने पत्र्याच्या डब्यात पडून आलेलं असतं. डब्याला आतून लेप असतो, हे खरं. तरीही मला दर वेळी हसू येतं.

ट्यूनाच्या मरणात याच्या उलट सगळं. तिथे मेल्यानंतर काय करायचं यापेक्षा मरताना काय होतं यावर चव ठरते. जी ऊब त्याला बर्फगार समुद्रात तगवते तीच त्याच्या मांसाची वैरीण. गळाला लागलेला ब्लूफिन तासन् तास झुंजतो. स्नायू तापतात, त्यांत आम्ल साचतं, आणि मांस आतल्या आतच अर्धवट शिजल्यासारखं होतं. फिकट, पाणचट, आंबूस. जपानी कोळी याला 'याके' म्हणतात, म्हणजे जळालेलं. म्हणून जाणते लोक मासा बोटीवर आला की क्षणभरही दवडत नाहीत. मेंदूत खिळा घालून तत्काळ मारायचा, रक्त वाहू द्यायचं, पाठीच्या कण्यातल्या पोकळीतून तार सारून मज्जारज्जू निकामी करायचा, म्हणजे स्नायूंची थरथर थांबते, आणि लगेच बर्फात. या पद्धतीला 'इकेजिमे' म्हणतात. वाचताना अंगावर काटा येतो, पण डेकवर तडफडत गुदमरण्यापेक्षा हे मरण सोपं असावं, असं मला वाटतं. जन्मभर न थांबलेल्याला एका क्षणात थांबवायचं आणि मग, आता गंमत बघा, थांबायचं. ताजा ताजा कापलेला ब्लूफिन म्हणे फारसा चवदार लागत नाही. काही दिवस गारव्यात मुरू दिला की स्नायूंतली ऊर्जेची रसायनं मोडतात, त्यांतून चवदार घटक तयार होतात आणि मांसाला ती खोली येते. वेगाच्या पुतळ्यालाही शेवटी मुरावं लागतं.

आता पक्कं माहीत असलेलं पण पचायला जड असं. हे दोन्ही मासे, फार जुनी गोष्ट नाही, कचरा होते.

जपानमध्येच ब्लूफिनला मान नव्हता. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, त्याचं लाल मांस सोया सॉसमध्ये मुरवून खाल्लं जाई, ते गोरगरिबांचं खाणं. चरबीचा भाग तर लवकर खराब होई, म्हणून फेकूनच देत. त्याला शब्द होता 'नेको-मातागी', मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल असं. ज्या तुकड्याने माझे डोळे मिटवले तो मांजराने नाकारलेला! शीतपेट्या आल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी जिभेला स्निग्ध मांसाची गोडी लागली, तेव्हा कुठे त्याचं नशीब पालटलं. पण तिकडे अटलांटिकपलीकडे १९६० च्या दशकातही ब्लूफिन म्हणजे श्रीमंतांच्या गळाचा खेळ होता. मासा ओढायचा, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि नंतर खड्ड्यात पुरायचा, नाहीतर मांजरांच्या खाण्याच्या कारखान्यात धाडायचा. पुन्हा मांजरच.

मग विमान आलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधून कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू भरून उत्तर अमेरिकेत जाणारी मालवाहू विमानं परतताना रिकामी असत. जपान एअरलाइन्समधल्या अकिरा ओकाझाकी या कर्मचाऱ्यावर परतीसाठी काहीतरी माल शोधायची कामगिरी आली. शोधता शोधता त्याला कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर फोटोनंतर टाकून दिले जाणारे हे मासे सापडले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तिथले पहिले ब्लूफिन बर्फात बसून तोक्योच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला आले. जगभरच्या सुशीच्या वेडामागे कोणाची तरी रसना असेल असं मी धरून चाललो होतो. निघाली ती विमानाची रिकामी जागा.

स्टर्जनची कथा याहून विचित्र. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापासून तो राजाचा मासा. किनाऱ्याजवळ सापडला तर हक्क राजाचा. समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो जाळी फाडणारा उपद्रवी जीव. कोळी त्याला मारून काठावर टाकत; वाळवून, लाकडांसारखा रचून आगबोटींच्या भट्टीत जाळल्याच्याही नोंदी आहेत. तेलकट असल्याने चांगला पेटे म्हणे. नंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर नदीवर कॅव्हिअरचा धंदा इतका फोफावला की अमेरिका जगाला गाबोळी पुरवू लागली. दारूच्या गुत्त्यांत ती फुकट ठेवत, खारट खाल्लं की गिऱ्हाईक आणखी बिअर मागवतं म्हणून. (म्हणजे 'खारट' ही माझी दाद परंपरेला धरूनच होती.) बराचसा माल युरोपात जाई आणि त्यातला काही 'रशियन' होऊन, भाव चढवून परत येई. हे सगळं दोन-तीन दशकं चाललं. विसावं शतक उजाडेपर्यंत डेलावेअरमधला स्टर्जन जवळजवळ संपला होता. १५ वर्षांनी वयात येणाऱ्या जिवाला दोन दशकांचा धंदा म्हणजे दीड पिढी. पोरं मोठी व्हायच्या आत घर उठलं.

इराणमध्ये आणखी एक वळण. तिथल्या किनाऱ्यावर जगातलं उत्तम कॅव्हिअर निघत असे, पण खवले नसलेला मासा धर्माने निषिद्ध. इस्लामी क्रांतीनंतर प्रश्न ऐरणीवर आला. जाणकारांनी स्टर्जनची नीट तपासणी केली, अंगावर काही भागांत खवले आढळले, आणि १९८३ मध्ये देशाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी तो हलाल ठरवला. २० कोटी वर्षं जपलेल्या खवल्यांचा असा उपयोग होईल असं त्या माशालाही वाटलं नसेल.

किमतीचं एकच उदाहरण देतो, कारण आकड्यांनी तोंडाला पाणी सुटतं आणि मुद्दा निसटतो. ५ जानेवारी २०१९ ला तोक्योच्या नव्या तोयोसू बाजारात वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोंचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. घेणारा सुशीच्या दुकानांच्या साखळीचा मालक, कियोशी किमुरा. त्या माशाचे तुकडे विकून एवढे पैसे सुटणं शक्यच नव्हतं. नव्या वर्षाचा मुहूर्त, वर्तमानपत्रांतला फोटो आणि दुकानाचं नाव, याचे ते पैसे. इतर दिवशी तिथला व्यवहार गंभीर असतो. खरेदीदार पहाटे विजेऱ्या घेऊन फिरतात, शेपटीजवळच्या कापातलं मांस बोटांनी चोळून चरबी जोखतात आणि लिलाव सुरू झाला की एकेक मासा काही सेकंदांत खपतो. ट्यूनाच्या गोष्टीत सगळंच काही सेकंदांत.

दोघांवरही संकट आलं ते याच भावांमुळे, पण त्यानंतरच्या वाटा फुटल्या त्या मला सगळ्यात विलक्षण वाटतात.

मार्च २०१० मध्ये दोह्याला सायटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा करार) परिषदेत अटलांटिक ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी, असा प्रस्ताव मोनॅकोने मांडला. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जपानी वकिलातीच्या मेजवानीत ब्लूफिन वाढला गेला. ठराव २० विरुद्ध ६८ मतांनी पडला. त्यावेळी हे वाचणाऱ्या कोणीही म्हटलं असतं, संपला हा मासा. संपला नाही. व्यापारबंदी फेटाळणाऱ्या देशांना चेहरा राखायला मासेमारीच्या मर्यादा तरी खाली आणाव्या लागल्या. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्राचा कोटा १३ हजार टनांच्या आसपास उतरवला गेला. त्याआधी प्रत्यक्षात ओढला जाणारा माल याच्या कित्येक पट होता. आणि ब्लूफिनने उरलेल्या संधीचं सोनं केलं. भूमध्य समुद्रातली मादी चार-पाच वर्षांत वयात येते आणि एका हंगामात कोट्यवधी अंडी समुद्रात सोडते. कोणाची नदी नको, कोणाचं दार नको. २०२१ मध्ये अटलांटिक ब्लूफिनला धोक्याच्या यादीतून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आणलं गेलं, जरी मेक्सिकोच्या आखाताकडची शाखा अजून पुरती सावरलेली नाही. पॅसिफिकमधला साठा तर मूळच्या दोन-तीन टक्क्यांवर आला होता. २०२४ च्या मोजणीत तो २० टक्क्यांच्या वर दिसला, ठरवलेल्या मुदतीच्या दहाएक वर्षं आधी. घाई याच्या रक्तातच.

स्टर्जनसाठी कायदा आधी झाला. १ एप्रिल १९९८ पासून त्याच्या सगळ्या जातींचा व्यापार सायटीसच्या देखरेखीखाली आहे. २००५ मध्ये अमेरिकेने बेलुगा कॅव्हिअरची आयात बंद केली, २००६ मध्ये रुमानियाने स्टर्जनची मासेमारीच थांबवली. पण सोव्हिएत संघ कोसळल्यावर कॅस्पियनवर चोरट्या शिकारीचा जो धुमाकूळ झाला तो होऊन गेला होता, आणि त्याच्याही आधी सिमेंट ओतलं गेलं होतं. व्होल्गा नदीवर व्होल्गोग्राडचं धरण उभं राहिलं १९६१ पर्यंत, आणि बेलुगाच्या तिथल्या जवळजवळ सगळ्या विणीच्या जागा भिंतीपलीकडे गेल्या. डॅन्यूबमधून पूर्वी बेलुगा व्हिएन्नाच्याही पुढे जात. १९७२ आणि १९८४ मध्ये 'आयर्न गेट्स'ची दोन धरणं झाली आणि वाट बंद. जाळं काढून घेता येतं. कोटा एका सहीने उतरवता येतो. धरण काही सहीने उतरत नाही. २०२२ मध्ये झालेल्या आढाव्यात स्टर्जन घराण्यातल्या उरलेल्या सगळ्या २६ जाती धोक्यात असल्याचं निघालं. त्यांचा नातलग, चीनमधला पॅडलफिश, नामशेष झाल्याचं त्याच वेळी जाहीर झालं.

मग पिंजऱ्यात बघा, तिथे पारडं नेमकं फिरलेलं. ट्यूना पाळणं म्हणजे वादळाला दावं बांधणं. जपानमधल्या किंदाई विद्यापीठाने १९७० मध्ये हे काम हाती घेतलं आणि अंडं ते पुन्हा अंडं हे चक्र पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात पूर्ण व्हायला २००२ उजाडलं. ३२ वर्षं! पिल्लं एकमेकांना खात, जराशा आवाजाने किंवा उजेडाने बिथरून सुसाट सुटत आणि जाळ्यावर आपटून मरत. ज्याला वळणं ठाऊक आहेत पण कुंपण ठाऊक नाही, त्याला कुंपण शिकवायचं कसं? वाढल्यावरही एक किलो अंगाला लागण्यासाठी हा मासा दहा किलोंहून जास्त बांगडे-तारल्यांसारखे छोटे मासे फस्त करतो.

आणि स्टर्जन? तो टाकीत निवांत राहिला. गोल टाकीच्या तळाशी मिशा टेकवत, दिलेलं खात, थंड पाण्यात हळूहळू वाढत. आज बाजारात कायदेशीर मार्गाने मिळणारं कॅव्हिअर जवळजवळ सगळं पाळीव स्टर्जनचं असतं आणि सगळ्यात जास्त चीनमधून येतं. मी अर्धा चमचा खाल्ला त्यातही कॅस्पियनचं वारं वगैरे काही नसणार. कुठल्या तरी तळ्याचा हिशेब असणार. म्हणजे झालं काय, ज्याला थांबता येत नव्हतं त्याच्यासाठी आपण थोडं थांबलो आणि तो समुद्रात परतला. ज्याला थांबणं सहज जमत होतं तो आपल्या टाकीत थांबला, आणि त्याची नदी तशीच बंद राहिली. कॅव्हिअर एवढं मुबलक आणि रानटी बेलुगा एवढा दुर्मीळ, असं इतिहासात एकाच वेळी कधी नव्हतं. मला हे ठरवता येत नाही की यातला कोण वाचला असं म्हणायचं.

एक मात्र झालं, 'ढोंग' हा शब्द मी मागे घेतला. मत्स्यशेतीतल्या स्टर्जनचं एक वर्णन वाचलं, त्यानंतर. नर आणि मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, आणि वर्षानुवर्षं नराला पोसणं परवडत नाही. म्हणून मासे काही वर्षांचे झाले की कामगार कमरेएवढ्या गार पाण्यात उतरतात, एकेकाला झोळीत घेऊन उताणा करतात आणि पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवतात. मासा फारशी धडपड करत नाही. पडद्यावर राखाडी सावल्या हलतात, बघणारा क्षणभर डोळे बारीक करतो आणि एक शब्द सांगतो. नर असेल तर एका बाजूच्या हौदात, तो मांसासाठी जाणार. मादी असेल तर तिला पुन्हा पाण्यात सोडतात. तिला अजून वर्षं आहेत. ती तळाशी जाते आणि मिशांनी सिमेंट चाचपू लागते.